चौदा आणे फरक

आमच्याकडं माणसाला किती बरं वाटतंय ते आण्यांत सांगतात. आणे बाजारातून कधीचे गेले, दुखण्यातून मात्र गेले नाहीत. डॉक्टरांनी "कसं काय?" म्हटलं की पेशंट मान जरा तिरकी करून सांगतो, "आठ आणे फरक हाय साहेब." चार आणे म्हणजे औषध लागू पडायला लागलंय. बारा आणे म्हणजे आता काळजी नाही. चार आण्यांच्या खाली सहसा कुणी सांगत नाही. उद्या तिरडी बांधायची वेळ आली तरी आमचा माणूस डॉक्टरला चार आणे फरक सांगूनच जाईल.

त्याला कारण आहे. डॉक्टरच्या हाताला गुण असतो, आणि ज्याच्या हातचं औषध खायचं त्याच्या तोंडावर "गुण न्हाई" म्हटलं तर तो हात रुसतो, अशी इकडची समजूत. माझी आई रेणापूरला दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. गावचे डॉक्टर आले की म्हणायची, "लई बरं हाय बाबा." ते अंगण ओलांडून गेले की भिंतीकडं तोंड करून कण्हायची. तेव्हा पुढं जे झालं त्याबद्दल "मला काय माहीत" असं म्हणायची सोय मला नाही. मला सगळं माहीत होतं.

मी सिंधु. लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात सव्वीस वर्षं सिस्टर आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही, चूक माझी आहे, इमारतीची नाही.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली, वॉर्डातल्या खाटा रिकाम्या झाल्या आणि बरी होऊन घरी गेलेली माणसं सहा-आठ महिन्यांनी परत यायला लागली. रिपोर्ट चांगले, एक्स-रे चांगला, आणि बाई म्हणते अंघोळ करता करता मधेच पाटावर बसावं लागतं. शेतकरी म्हणतो विहिरीपर्यंत जाऊन आलो की दोन दिवस उठवत नाही. मास्तर म्हणतो शिकवता शिकवता शब्दच सापडत नाही. बाकीचे डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणून ताकदीची गोळी लिहून द्यायचे. डॉक्टर आनंदराज यांनी तसं केलं नाही. त्यांचे वडील देगलूरला त्याच आजारात गेले होते, आणि हे इकडं किट घालून दुसऱ्यांच्या वडलांना ऑक्सिजन लावत होते. ते म्हणायचे, "ही माणसं खोटं बोलत नाहीत सिस्टर. आपल्याला ऐकता येत नाही."

भांडून, अर्ज करून त्यांनी एक खोली मिळवली. दर गुरुवारी ओपीडी. वर मुंबईहून अभ्यासासाठी मंजुरीही आणली. उपचार आणि संशोधन एकाच खोलीत, एकाच माणसाकडून, यावर त्यांचा फार भर. "जो तपासतो त्यानंच विचारावं," असं ते म्हणायचे. "पेशंटला दोन-दोन दारं कशाला?" मला तेव्हा हे इतकं पटलं होतं की मी चार लोकांना कौतुकानं सांगितलं.

लातूर आणि नांदेड मिळून चौसष्ट पेशंट. दर महिन्याला प्रत्येकानं यायचं, लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं, बोटाला यंत्र लावून नाडी आणि ऑक्सिजन मोजायचा, आणि मग डॉक्टर समोर बसून विचारणार: थकवा किती, दम किती, झोप कशी. किती फरक पडला, ते उत्तर शून्य ते दहा या आकड्यांत पाहिजे. आमच्या माणसांना ते काही जमेना. "दहातले किती?" म्हटलं की ते डॉक्टरच्या तोंडाकडं बघायचे. शेवटी मीच एक कागद केला. चार आणे म्हणजे अडीच, आठ आणे म्हणजे पाच, बारा आणे म्हणजे साडेसात. टेबलाच्या काचेखाली सरकवला. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी तो कागद नांदेडच्या बैठकीत पडद्यावर दाखवला आणि माझं नाव घेतलं. सव्वीस वर्षांत बैठकीत माझं नाव तेवढं एकदाच निघालं.

शिवकन्या उदगीरची. वय चौतीस. नवऱ्याचं, मल्लेशचं, चौबाऱ्याकडं भांड्यांचं दुकान आहे. पहिल्या दिवशी ती व्हरांड्यात अर्ध्यावर थांबली, नाडी एकशे अडतीस. पळीला काय म्हणतात ते तिला आठवेना. "ते... ते वाढायचं," म्हणाली आणि रडायला लागली. मल्लेश शेजारी मान खाली घालून उभा. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, सगळे म्हणून राहिले का ही सोंग करती. खरं काय हाय?"

डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं आणि सरळ मराठीत लिहून दिलं: यांना आजार आहे. जड काम देऊ नये. दमण्याआधी विश्रांती घेऊ द्यावी. खाली सही, शिक्का. मल्लेशनं तो कागद स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला चिकटवला. त्या दिवसापासून घरात कुणी तिला टोचून बोललं नाही. सासू शरणम्मा पासष्टीची, गुडघे धरलेले, पण चूल तिनं परत आपल्या हातात घेतली. सून दिवसाढवळ्या निजली तर बाहेरून दार ओढून घ्यायची. सासवांबद्दल लोक काहीही म्हणोत, मी ही अशी पाहिली आहे. शिवकन्येचा सगळा आधार म्हणजे तो एक कागद होता.

मग दर महिन्याला तिचा फरक वाढत गेला. सहा आणे. आठ आणे. दहा. सहा मिनिटांतलं चालणंही वाढलं. डॉक्टर तिच्याकडं बघून हसायचे, ती पदर सावरून हसायची. मी आकडे भरायची आणि खाली सही करायची.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मी तिचा बीपी घेत होते. डॉक्टर राऊंडला गेलेले, मल्लेश औषधाच्या रांगेत. उदगीरकडं कानडीचं वारं आहे, ती मला अक्का म्हणायची, सासूला अत्ती.

"अक्का, खरं सांगू का?"

"सांग की."

"गुरुवारी यायचं म्हणून मी सोमवारपासून निजून राहते. कुणाशी बोलत बी न्हाई. इथं चालून दाखवलं की घरी गेल्यावर पाच दिस उठणं न्हाई. केसाला फणी लावायला हात वर होत न्हाई. अत्ती घास भरवते मला."

बीपीचा पट्टा तिच्या दंडावर तसाच राहिला. मी म्हणाले, "अगं मग साहेबांना सांग ना! ते त्यासाठीच बसलेत."

"कसं सांगू? आपल्यासाठी इतकं करून राहिले ते. डबा उघडून तसाच बाजूला ठेवतेत, मी बघते न्हवं. त्यांच्या तोंडावर म्हणू का, तुमच्या हातानं गुण न्हाई म्हणून?" मग तिनं माझा हात धरला. "तुम्ही बी लिहू नका. तुम्हाला माझी शपथ हाय."

डॉक्टर आले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, विचारलं, "काय शिवकन्याबाई, कसं काय?"

"चौदा आणे फरक हाय साहेब."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की बघवेना. पेन माझ्या हातात होतं. मी तक्त्यात बघितलं, पावणेनऊ लिहिलं आणि सही केली.

का केली? शपथ होती, हे एक. पण शपथेच्या आड लपण्यात अर्थ नाही. मलाही तो चेहरा विझवायचा नव्हता. ती डॉक्टरला जपत होती, मीही डॉक्टरला जपत होते, आणि डॉक्टर बिचारे आम्ही दिलेले आकडे जपत होते.

त्या दिवसापासून मी बाकीच्यांकडं नीट बघायला लागले. रेणापूरचा अण्णाराव, शेतकरी गडी, डॉक्टरसमोर छाती काढून सहा मिनिटं चालायचा आणि मग जिन्यामागं फरशीवर आडवा व्हायचा. मी त्याला पाणी नेऊन द्यायची. तो म्हणायचा, "साहेबाला सांगू नका बरं." माहूरकडची एक बाई चालण्याच्या दिवशी उपास धरायची, देवीनं डॉक्टरची लाज राखावी म्हणून. आपल्या छातीसाठी नाही, डॉक्टरच्या लाजेसाठी! मी हे सगळं बघत होते आणि दर गुरुवारी रकाने भरत होते.

वर्ष संपलं. चौसष्टांपैकी एक्कावन्न जण "लक्षणीय सुधारणा" या रकान्यात बसले. प्रत्येकाच्या घरी टपालानं पत्र गेलं: आपल्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा झाली असून यापुढे विशेष उपचारांची किंवा कामातील सवलतीची आवश्यकता नाही. खाली डॉक्टरांची सही, आणि डाव्या बाजूला, "नोंद घेणार" या शब्दांखाली, माझी. वरच्या साहेबांनी विचारलं, माणसं बरी झाली तर खोली कशाला अडवता? महिनाअखेर रिकामी करा. डॉक्टरांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "बरे झाले म्हणून बंद होणारी ओपीडी आहे सिस्टर. असं भाग्य कुणाला मिळतं?"

पत्रं गेल्यावर बारा दिवसांनी मल्लेशचा फोन आला.

"सिस्टर, ती उठंना. बोलंना. उजेड केला की वरडती. चार दिस झाले."

हळूहळू सगळं कळलं. शरणम्मानं दोन वर्षांपूर्वी महादेवाला बोलून ठेवलं होतं: सून बरी झाली की तिच्याच हातच्या पुरणपोळ्यांनी एकवीस जंगम स्वामींना जेऊ घालीन. पत्र आलं, ते शेजारच्या मास्तरानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि म्हातारी आनंदानं रडली. कपाटावरचा जुना कागद काढला, तिथं हे नवं पत्र लावलं. पुरण शिजवायला, वाटायला गल्लीतल्या बाया आल्या, पण लाटायचं सुनेनंच, बोलच तसा होता. शिवकन्या पहाटेपासून पोळपाटापुढं बसली. नाही म्हणायला तिच्याकडं काय होतं? वर्षभर तिनंच फरक सांगितला होता. शेवटचा जंगम जेवून उठेपर्यंत तिनं लाटणं खाली ठेवलं नाही. मग जी आडवी झाली ती आडवीच.

मी फोन ठेवला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते खोकी बांधत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोमवारपासून निजून राहणं, जिन्यामागची फरशी, उपास, शपथ, पावणेनऊ.

ते खुर्चीत बसले. हातातली सुतळी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "वर्षभर मला कुणी एक शब्द बोललं नाही?"

"तुमच्याबद्दलच्या मायेनं, सर."

"माया!" त्यांनी खोक्याला लाथ मारली. त्यांना तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग शांत होऊन म्हणाले, "सोमवारी अहवाल जातोय. तो गेला की संपलं, एक्कावन्न माणसं कागदावर बरी झाली. परत कोणी त्यांचं ऐकणार नाही, म्हणतील, हे कसले आजारी. पण मी थांबवू कशाच्या जोरावर? एका बाजूला वर्षभराचे सहीचे आकडे, आणि दुसऱ्या बाजूला ज्या बाईनं ते आकडे लिहिले तिचंच तोंडी बोलणं."

"मग काय करायचं सर?"

"एक पेशंट. एकानं जरी मला स्वतः सांगितलं की मी बरी नाही, तर अहवाल थांबवतो. खोली सोडत नाही. दुसरी माणसं त्यांच्या घरी पाठवतो, चालण्याच्या दिवशी नाही, त्यानंतरच्या चौथ्या दिवशी. मी विचारणारच नाही, तिसरंच कुणीतरी विचारेल." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्यावर चौकशी लागेल सिस्टर. ते मी थांबवू शकणार नाही."

"लागू द्या," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, तरीही.

रविवारी दुपारी मी उदगीरला उतरले. दुकानामागंच घर. शरणम्मा दारात बसलेली, कपाळाला भस्म, डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, "ये माय. माझ्याच बोलानं खाल्लं तिला." मी तिच्याजवळ बसून सांगितलं की तुमचा काही दोष नाही. तिला ते पटलं नाही.

आतल्या खोलीच्या खिडकीला घोंगडी बांधली होती. शिवकन्या भिंतीकडं तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झालेल्या. मी हात हातात घेतला तर तिनं डोळे उघडले, ओळखलं, आणि इतकंच म्हणाली, "अक्का, हळू बोला." आवाज कानाला लागत होता तिच्या.

मागून मल्लेश आला. हातात ते पत्र. कपाटावरून फाडून काढलेलं, कोपरे तुटलेले.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"तिनं तुम्हाला सांगितलं व्हतं का, ती बरी न्हाई म्हणून?"

"हाव."

"आन् तरी बी तुम्ही हे लिहिलं?" तो हळू बोलायचं विसरला. "आम्ही अडाणी म्हणून कागदावर भरवसा ठेवला. कागद म्हणाला आजारी, निजू दिलं. कागद म्हणाला बरी, पोळ्या लाटायला बसवलं. नोकरी घालवतो मी तुमची! पेपरात देतो! जेलात जाशीला तुम्ही!"

शिवकन्येनं दोन्ही कानांवर हात नेले. हात पोचले नाहीत, मधेच उशीवर पडले. ते बघून मल्लेश तोंड दाबून बाहेर गेला, दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. त्याच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी तिच्या कानाशी वाकले. एकेक शब्द हळू सांगितला. साहेबांचा फोन लावते. तू फक्त खरं सांग. तू सांगितलंस की सगळं थांबतं, तुला जुना कागद परत मिळतो, अण्णारावाला मिळतो, सगळ्यांना मिळतो. साहेबांना राग येणार नाही. त्यांना हेच ऐकायचंय. एक वाक्य बोल, बाई, "मी बरी नाही" एवढंच.

तिनं मान हलवली. मी फोन लावला, आवाज बारीक करून स्पीकरवर तिच्या उशीजवळ धरला. डॉक्टर पहिल्याच रिंगला उचलून म्हणाले, "शिवकन्याबाई? मी आनंदराज. घाबरू नका. कसं वाटतंय ते मला खरं सांगा."

ती श्वास गोळा करत होती. दारात शरणम्मा हात जोडून उभी.

"साहेब," ती म्हणाली. आवाज आश्चर्य वाटावं इतका स्वच्छ होता, कुठून आणला कोण जाणे. "काही न्हाई साहेब. जेवणावळीनं थकले जरा. दोन दिसांत उठते. सिस्टर उगंच भेल्या."

मी फोनवर तळहात दाबला. "शिवकन्ये! असं का म्हणालीस गं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं चाललं होतं. पुसायला हात उचलला नाही. ओठ हलले ते मला कान टेकवून ऐकावे लागले.

"तुमची सही हाय न्हवं अक्का त्याच्यावर. हे तुम्हाला जेलात घालतो म्हणून राहिले."

तळहाताखाली डॉक्टरांचा आवाज येत होता. हॅलो, हॅलो, सिस्टर. मी हात काढला असता आणि सांगितलं असतं, सर, ती खोटं बोलतेय, मला वाचवायला खोटं बोलतेय, तुम्ही आत्ता इथं या आणि डोळ्यांनी बघा. उदगीर लातूरपासून काही फार लांब नाही. ते आले असते. पण मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहून ठेवते, कारण आजवर मी जे जे लिहिलं त्यात एवढंच खरं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं.

"सिस्टर, ऐकलं ना?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता, जवळजवळ हसरा. "किती घाबरवलं तुम्ही मला. मग पाठवू ना उद्या अहवाल?"

शिवकन्या माझ्याकडं बघत होती.

"हाव सर," मी म्हणाले. "पाठवा."